माहीम की माटुंगा? घर बघण्याआधी वाचायचं पत्र

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही तिघं बेंगळुरूहून मुंबईला येताय, ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात), आणि लीनाचं म्हणणं एवढंच की मुलीच्या कानावर चार भाषा पडाव्यात, आसपास गणपतीही असावा, नाताळही आणि ईदही. रास्त आहे. पण भाड्याचं घर शोधायला लागण्याआधी एक लक्षात घे. मुंबईत रस्ता सगळ्यांचा असतो, बिल्डिंग पुष्कळदा एकाच समाजाची असते. एरिया ठरवून अर्धंच काम होतं.

याला कारण आहे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर, माटुंगा, सायनकडे आखीव रस्ते नि प्लॉट पाडले. त्या काळात घरं बांधायला पुढे आल्या त्या समाजासमाजाच्या संस्था. गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 ची, त्यानंतर दादरची पारसी कॉलनी, वांद्र्यातल्या कॅथलिकांच्या वसाहती. ती घडी अजून मोडलेली नाही. 2005 मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी, म्हणजे सोसायटीचा स्वतःचा नियम, वैध ठरवला. तेव्हा कुठे ‘आमच्याकडे चालत नाही’ असं ऐकू आलं तर वाद घालत बसू नकोस, पुढची बिल्डिंग बघ.

ओळखायचं कसं? फ्लॅट बघायच्या आधी तळमजल्यावर थांब आणि लेटरबॉक्सवरची नावं वाच. नावांचा फलक असतो, पण तो कित्येकदा वीस वर्षं जुना. लेटरबॉक्सवर मात्र भाडेकरूंच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. डिसूझा, शेख, अय्यर, सावंत, शहा अशी सरमिसळ दिसली तर वर जा. सगळी आडनावं एका सुरातली असतील तर घर कितीही हवेशीर असलं तरी तिथे तुम्ही पाहुणेच राहाल. एजंटला फोनवरच विचार, ‘बिल्डिंग कॉस्मो, म्हणजे सगळ्या समाजांची, आहे का? नॉनव्हेज चालतं का?’ आणि लीनाचं पूर्ण नाव तेव्हाच सांगून टाक. नाव लपवून टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, दिलं, मग सोसायटीच्या कमिटीने भेटायला बोलावलं आणि तिथे गाडी अडली, की टोकन परत मिळवताना नाकी नऊ येतात. कमिटीशी बोलणं झाल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

आता एरिया. माझं मत माहीम पश्चिम, एल. जे. रोड आणि कॅडल रोडच्या मधला भाग. शीतलादेवीचं देऊळ, सेंट मायकल चर्च, मखदूम शाह बाबांचा दर्गा आणि कोळीवाडा, सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात. मासळीला सिटीलाईट आणि गोपी टँक मार्केट. मेट्रो तीनचं शीतलादेवी स्टेशन मे 2025 मध्ये सुरू झालं. तिथून मध्ये फक्त धारावी, की बीकेसी. रस्त्याने मात्र धारावीच्या तोंडाशी रोज कोंडी असते. गाडीने जायचा विचार असेल तर माहीमचा निम्मा फायदा गेला असं समज.

या सगळ्याची किंमतही आहे. बुधवारी सेंट मायकलला नोव्हेनासाठी, म्हणजे तिथल्या साप्ताहिक प्रार्थनेसाठी, सकाळपासून रात्रीपर्यंत रीघ लागते. त्या दिवशी चर्चजवळ टॅक्सी मिळेल अशी आशा धरू नकोस, आणि पाहुण्यांना बुधवारचं आमंत्रणही देऊ नकोस. डिसेंबरच्या सुमाराला दर्ग्याचा उरूस दहा दिवस चालतो. पहिली चादर मुंबई पोलिसांची असते, मग रात्री उशिरापर्यंत संदल, बँड, पाळणे. लीनाला हे आवडेल, पण तान्हं किंवा आजारी माणूस घरात असेल तर दर्ग्याच्या अगदी समोरची इमारत नको. दोन गल्ल्या आत गेलं तरी पुष्कळ फरक पडतो. खाडीच्या बाजूचं घर असेल तर ओहोटीच्या वेळी जाऊन बघ. भरतीला खिडकीतून नुसता वारा येतो, ओहोटीला मिठी नदीचा वासही येतो. एजंट कुठल्या वेळी घर दाखवेल ते सांगायला नको.

माटुंगा पूर्वही बघायला हरकत नाही. लीनाला केळीची पानं, कढीपत्ता, मोगऱ्याचे गजरे आणि केरळी वाणसामान तिथल्या बाजारात माहीमपेक्षा सहज मिळेल, फुटपाथ रुंद, झाडं भरपूर. पण तिथल्या पुष्कळ सोसायट्या शाकाहारी, आणि मासे शिजवायला लेखी नसली तरी मनाई असतेच. शिवाय किंग्ज सर्कलला गांधी मार्केटपाशी पावसात पाणी साठतं. वांद्र्याचं म्हणशील तर रानवार, चिंबई छान आहेत, भाडं ऐकून उत्साह मावळतो.

पाण्यावरून आठवलं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला की नाल्याचं पाणी समुद्रात उतरत नाही, उलट रस्त्यावर येतं. भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. बिल्डिंगमध्ये पाणी कुठवर येतं हे मालक सांगणार नाही. तळमजल्यावरच्या दुकानात बघ, सर्वात खालचा माल विटांवर चढवलेला आहे का, फ्रीज ओट्यावर ठेवलाय का. मीटरच्या खोलीत डोकाव. मीटर छातीच्या उंचीवर नेऊन बसवले असतील आणि खाली भिंतीवर मळकट रेघ असेल तर तुला उत्तर मिळालं. नळाला पाणी किती वाजता येतं, टाकी दिवसभर पुरते का, हे वॉचमनला विचार.

कागदपत्रांत सर्वात मोठा धोका पागडीचा, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या, नाममात्र भाड्याच्या घरांचा. शहर भागात माहीम-सायनपर्यंत जुन्या पागडीच्या इमारती खूप. घर दाखवणारा स्वतः भाडेकरू असतो, मूळ मालकाची संमती नसते, आणि उद्या त्यांचं आपसात बिनसलं तर सामान तुझं बाहेर येतं. म्हणून इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मागायचं, सोबत ताजं मेंटेनन्सचं बिल. त्याने भाडेपावती पुढे केली तर पागडी समज आणि नमस्कार करून नीघ. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी, असेल तर म्हाडाची (सरकारी गृहनिर्माण मंडळाची) पावसाळ्याआधीची धोकादायक इमारतींची यादीही बघून घे.

करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा करार, नोंदवलाच पाहिजे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. ‘नोटरी करू, स्वस्तात होईल’ म्हणणाऱ्याला हिशेब करून दाखव. समज, भाडं 60,000 आणि डिपॉझिट 3 लाख. अकरा महिन्यांचं भाडं 6,60,000, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 27,500. दोन्हीच्या बेरजेवर पाव टक्का म्हणजे साधारण 1,720 रुपये मुद्रांक शुल्क, वर नोंदणी फी 1,000. एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं, त्यापुढे ही रक्कम काहीच नाही. करारात डिपॉझिट घर सोडताना त्याच दिवशी परत, असं स्पष्ट लिहून घे, नाहीतर रंगाच्या नावाखाली कापलं जातं. भाडेकरूची माहिती मालकाने पोलिसांच्या पोर्टलवर भरायची असते. तिची प्रत तुझ्याकडे ठेव.

एक राहिलं. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी भाडेकरूमागे जो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते, तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि तो मालकाने भरायचा, तुझ्या माथी नाही. मेंटेनन्सचं बिल मागशील तेव्हा तेवढी ओळ बघ. आणि माहीमचं घर बघायला शक्यतो बुधवारी संध्याकाळी जा, म्हणजे नोव्हेनाची गर्दी आधीच डोळ्यांनी दिसेल.

तुझी,
आई