दुबईच्या फॅमिली व्हिसाची तयारी विवाह नोंदणीपासून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एप्रिल-मे महिन्यांत आखातात नोकरी करणारे अनेक तरुण सुटीवर गावी येतात, लग्न करतात आणि पाऊस सुरू होता होता कामावर परततात. पत्नीला दोन-तीन महिन्यांत बोलावून घ्यायचे असे दोन्ही घरांत ठरलेले असते. मग कागद अडतो, आणि बहुतेक वेळा तो दुबईत नव्हे, इथेच अडतो. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून संयुक्त अरब अमिरातीत जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना उपयोग व्हावा म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आधी पात्रतेचे. पत्नी आणि मुलांना स्पॉन्सर करण्यासाठी, म्हणजे स्वतःच्या जबाबदारीवर व्हिसा काढून नेण्यासाठी, दरमहा किमान 4,000 दिरहम पगार लागतो. कंपनी राहण्याची सोय करीत असेल तर 3,000 दिरहम चालतात. पूर्वी व्हिसावरचा हुद्दाही पाहिला जाई. 2019 पासून मिळकत हाच निकष आहे, त्यामुळे ड्रायव्हर, मेकॅनिक, स्वयंपाकी यांनाही कुटुंब नेता येते. मात्र पगार म्हणजे नोकरीच्या करारात लिहिलेला पगार. ओव्हरटाइम धरून हातात साडेचार हजार येतात, पण करारात अडीच हजारच आहेत, अशा माणसाचा अर्ज टिकत नाही. लग्न ठरवतानाच करार काढून तो आकडा पाहावा.

आता विवाह दाखल्याकडे येतो, कारण सर्वांत जास्त वेळ इथे जातो. महाराष्ट्रात 1998 च्या विवाह नोंदणी अधिनियमानुसार लग्नानंतर 90 दिवसांत नोंदणी करायची असते. नंतरही ती होते, पण विलंब शुल्क भरून. नवरा, बायको आणि तीन साक्षीदार निबंधकापुढे हजर राहावे लागतात. म्हणून नवऱ्याने नोंदणी न करता विमान पकडले की पुढच्या सुटीपर्यंत काहीच हलत नाही. भटजींनी दिलेली पावती, जमातीच्या दप्तरातला निकाहनामा किंवा चर्चचा दाखला एवढ्यावर पुढचे अटेस्टेशनचे, म्हणजे दाखला खरा असल्याचे सरकारी शिक्के मिळत नाहीत. दाखला सरकारी नोंदणीचाच हवा. गोव्यात नागरी नोंदणीची पद्धत वेगळी असून ती दोन टप्प्यांत होते. तिथेही दुसरा टप्पा पूर्ण झाल्याची खात्री करून घ्यावी.

दाखला हातात पडताच तिथेच उभे राहून तो वाचावा. छापील नमुना मराठी-इंग्रजी असला तरी अनेक ठिकाणी रकाने फक्त मराठीत, हाताने भरले जातात. असा दाखला पुढे भाषांतराच्या फेऱ्यात सापडतो. इंग्रजी रकाने भरून मागण्याचा हक्क सोडू नये. स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसेच्या तसे हवे. पासपोर्टवर वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडून आले असेल, तर दाखल्यावरही तीन नावे पूर्ण लिहून घ्यावीत. खाडाखोड, पांढऱ्या शाईचा लेप, पुसट शिक्का, सहीखाली अधिकाऱ्याचे नाव आणि हुद्दा नसणे, यांतले काहीही असेल तर त्याच दिवशी दुसरी प्रत मागावी. आणि दाखला लॅमिनेट मुळीच करू नये. पुढचे सगळे शिक्के त्याच्या मागच्या बाजूला उमटवायचे असतात. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेला दाखला निरुपयोगी ठरतो आणि नव्याने काढावा लागतो.

आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच काय, कधी कधी पहिले नावही बदलतात. घरातल्या हौसेला कोणाची हरकत नाही, पण कागदावर यातून फार गुंता होतो. दाखल्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, आधार कार्डावर तिसरेच, अशी स्थिती आली की या सर्व नावांची स्त्री एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात आणि महिने खर्च होतात. अमिरातीच्या व्हिसासाठी पत्नीने नवऱ्याचे आडनाव लावण्याची अट नाही. मुलीचा पासपोर्ट आधीच माहेरच्या नावाने असेल आणि दाखल्यावरही तेच नाव असेल, तर तो बदलू नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. बदलायचाच असेल तर व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वी. प्रवेश परवाना पासपोर्ट क्रमांकावर निघतो, मध्येच नवा पासपोर्ट आला तर पुन्हा सुरुवात होते. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, हे तर आहेच.

मुलांच्या जन्म दाखल्यात दुसरीच उणीव असते. प्रसूतीनंतर लगेच काढलेल्या दाखल्यावर बाळाचे नाव नसते, रकाना कोरा राहतो. जन्मनोंदणीनंतर एक वर्षापर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. शाळेचा दाखला याला पर्याय होत नाही. आई-वडिलांची नावे त्यांच्या पासपोर्टशी जुळतात का, हेही तिथेच पाहावे.

यानंतर अटेस्टेशन. क्रम ठरलेला आहे आणि तो उलटसुलट चालत नाही. आधी राज्य शासनाचा शिक्का, महाराष्ट्रातल्या विवाह व जन्म दाखल्यांसाठी मंत्रालयातील गृह विभागाचा. मग भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचा. मग अमिरातीच्या दिल्लीतील दूतावासाचा किंवा मुंबईतील वकिलातीचा. शेवटी कागद तिथे गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा, ज्याला सगळे ‘मोफा’ म्हणतात. मोफाचे शुल्क अशा वैयक्तिक कागदासाठी 150 दिरहम आहे. सर्वांत महागात पडणारी चूक परराष्ट्र मंत्रालयाच्या टप्प्यावर होते. एजंट विचारतो, “अपोस्टिल करू का?” आणि लोक हो म्हणतात. अपोस्टिल म्हणजे हेग करारातल्या देशांत चालणारे एकच प्रमाणपत्र. ओमान, बहरीन आणि 2022 पासून सौदी अरेबिया अपोस्टिलच्या हेग करारात आहेत, त्यांना अपोस्टिल चालते. अमिरात त्या करारात नाही. तिच्यासाठी साधे अटेस्टेशन आणि त्यावर दूतावासाचा शिक्का हवा. एजंटाला कागद देताना देशाचे नाव पावतीवर लिहून घ्यावे. पैसे देताना सरकारी शुल्क किती आणि एजंटाची मजुरी किती, हे वेगवेगळे मांडून मागावे. परराष्ट्र मंत्रालयाचे स्वतःचे शुल्क अगदी किरकोळ असते.

मोफाचा शिक्का झाल्यावर दाखल्याचे अरबी भाषांतर, तेही तिथल्या परवानाधारक कायदेशीर भाषांतरकाराकडून. भारतात केलेले भाषांतर बहुधा वाया जाते. भाषांतरातली नावे आणि तारखा नवऱ्याने पासपोर्टशी ताडून पाहाव्यात. अरबी वाचता येत नसेल तर टायपिंग सेंटरवरच्या (अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या) माणसाकडून वाचून घ्यावे.

दुबईत अर्ज आमेर सेंटरमधून (व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रातून) किंवा ऑनलाइन होतो. पासपोर्टच्या प्रती, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो, स्पॉन्सरचा एमिरेट्स आयडी (तिथले ओळखपत्र), नोकरीचा करार किंवा पगाराचे प्रमाणपत्र, विवाह दाखला आणि घराचा नोंदणीकृत भाडेकरार लागतो. या नोंदणीला दुबईत ‘एजारी’ म्हणतात, अबू धाबीत ‘तौतीक’. बेडस्पेसवर राहणाऱ्यांची इथे पंचाईत होते. खोली दुसऱ्याच्या नावावर आणि आपण त्यात एक खाट घेतलेली, यावर कुटुंबाचा व्हिसा मिळत नाही. घर आधी, अर्ज नंतर. आणखी एक गोष्ट अर्जापूर्वी पाहावी: कुटुंबाचा व्हिसा स्पॉन्सरच्या व्हिसाच्या मुदतीपलीकडे जात नाही. स्वतःचा व्हिसा चार महिन्यांत संपणार असेल तर आधी त्याचे नूतनीकरण करावे, नाहीतर सगळा खर्च त्या चार महिन्यांसाठी होतो.

प्रवेश परवाना मिळाल्यापासून 60 दिवसांत प्रवेश करायचा आणि प्रवेशानंतर 60 दिवसांत वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडीचा अर्ज, आरोग्य विमा आणि निवासी व्हिसाची नोंद उरकायची. तपासणी 18 वर्षांवरील सर्वांना आहे. रक्ताची एचआयव्हीसाठी आणि छातीच्या एक्स-रेत क्षयाची. कोणाला पूर्वी क्षय होऊन गेला असेल आणि फुप्फुसावर व्रण राहिला असेल, तर निघण्यापूर्वी इथल्या छातीरोगतज्ज्ञाला दाखवून उपचार पूर्ण झाल्याचे कागद सोबत न्यावेत. एक्स-रेवर जुना डाग दिसला की पुढच्या तपासण्या सुरू होतात. हे लपवून काही साधत नाही. दुबईत पत्नी-मुलांचा विमा स्पॉन्सरनेच काढायचा असतो. कंपनी तो देईलच असे धरू नये. एमिरेट्स आयडीचे वर्षाला 100 दिरहम आणि वर सेवाशुल्क. 2022 पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागत नाही, एमिरेट्स आयडी हाच पुरावा असतो.

दहावी न झालेल्या स्त्रियांच्या पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी जाण्यापूर्वी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. तो शेरा नोकरीसाठी जाणाऱ्यांसाठी आहे. नवऱ्याकडे राहायला जाणाऱ्या पत्नीला वेगळी परवानगी लागत नाही. तरी विमानतळावर प्रश्न विचारले जातात, तेव्हा विवाह दाखल्याची आणि नवऱ्याच्या एमिरेट्स आयडीची प्रत हातातल्या पिशवीत असावी, सामानात टाकलेल्या बॅगेत नको.

बाळंतपणाबद्दल थोडे अधिक लिहितो. पत्नी माहेरी बाळंतपणाला येते आणि बाळ जरा मोठे होईपर्यंत थांबते. अमिरातीबाहेर सलग 180 दिवसांपेक्षा जास्त राहिले तर साधारणपणे निवासी व्हिसा रद्द होतो. सातव्या महिन्यात आलेली बाई बाळ चार महिन्यांचे झाल्यावर निघते, तेव्हा ही मुदत उलटलेली असते किंवा उलटण्याच्या बेतात असते. आल्याची तारीख लिहून ठेवावी आणि दिवस मोजावेत. भारतात जन्मलेल्या बाळाचा दाखला, पासपोर्ट, अटेस्टेशन आणि स्वतंत्र प्रवेश परवाना, हे सर्व त्याच मुदतीत बसवावे लागते. बाळ तिकडे जन्मले तर 120 दिवसांत त्याचा निवासी व्हिसा काढायचा असतो. उशिराला दिवसागणिक दंड आहे. त्याआधी भारतीय वकिलातीतून पासपोर्ट काढावा लागतो. परदेशात जन्मलेल्या मुलाची वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंदणी होणे भारतीय नागरिकत्वासाठीही आवश्यक आहे, तेव्हा हे काम पुढे ढकलण्यात काहीच लाभ नाही.

मुलगा अविवाहित असेल तर आता 25 वर्षांपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहू शकतो, अविवाहित मुलीला वयाची अट नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीलाही कुटुंबाला स्पॉन्सर करता येते, पण अटी वेगळ्या आहेत आणि मुलांसाठी पतीची लेखी संमती मागतात.

आई-वडिलांचा विषय निराळा आहे. पगाराची अट कितीतरी वरची आहे, दोघांना एकत्रच स्पॉन्सर करावे लागते, आपल्याशिवाय त्यांना सांभाळणारे कोणी नाही हे भारतीय वकिलातीतून प्रमाणित करून द्यावे लागते, आणि व्हिसा एकेका वर्षाचाच मिळतो. दोघांपैकी एक हयात नसेल तर मृत्यूचा दाखलाही तेच सर्व शिक्के घेऊन जातो. साठीनंतरचा विमा महाग असतो. पगार जेमतेम बसत असेल तर व्हिजिट व्हिसावर काही आठवडे आणणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

नोकरी बदलताना किंवा सुटल्यावर लक्षात ठेवायचे ते असे, की स्पॉन्सरचा व्हिसा रद्द होण्याआधी कुटुंबाचे व्हिसा रद्द करावे किंवा ‘होल्ड’वर, म्हणजे तात्पुरते थांबवून, ठेवावे लागतात. मुलांची शाळा चालू असेल तर नव्या कंपनीशी बोलतानाच हे ठरवावे. नवऱ्याचा मृत्यू किंवा घटस्फोट झाल्यास पत्नी आणि मुलांना स्पॉन्सरशिवाय एक वर्ष राहण्याची मुभा 2018 पासून आहे. ती माहीत नसल्याने दुःखात असलेल्या बाया घाईघाईने सर्व आवरून परत येतात.

आपल्या वृत्तपत्रामार्फत जिल्हा प्रशासनाला एक विनंती आहे. विवाह नोंदणीसाठी लागणाऱ्या कागदांच्या यादीत, ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांनी त्याची झेरॉक्स जोडावी, अशी एक ओळ घालावी. इंग्रजी रकान्यात नाव लिहिताना ती झेरॉक्स समोर ठेवण्याची सूचना ग्रामपंचायती आणि नगरपालिकांना द्यावी. आणि लग्नसराईत, सुटीवर आलेल्या वधू-वरांना परतीचे तिकीट पाहून नोंदणीची तारीख द्यावी. यासाठी नवा कायदा किंवा निधी लागत नाही.

आपला,
आखाती देशांच्या कागदपत्रांचा जाणकार एक वाचक,
चिपळूण