लघुमूर्तीची शैली अंतरावरून ठरवावी

संपादक महोदय,

दिवाळी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गल्ल्यांत किल्ल्यांसाठी माती कालवली जाते. मावळे रंगवून हात बसलेली काही मुले आता युद्धखेळांतले राक्षस, बुटके योद्धे आणि ड्रॅगन रंगवू लागली आहेत. मूर्ती २८ ते ३२ मिलिमीटरची, पण समोर नमुना मोबाइलवर दहापट मोठा करून पाहिलेल्या फोटोचा. मग जुनी पद्धत बालिश ठरते आणि मुले थेट आधुनिक पद्धतीला हात घालतात. हे आम्हाला खटकते, कारण दोन्ही शैली वेगवेगळ्या अंतरासाठी घडल्या आहेत.

जुनी शैली इंग्लंडमध्ये बहरली. तिथे सिटाडेल मिनिएचर्स ही लघुमूर्ती बनवणारी कंपनी १९७९ मध्ये सुरू झाली आणि अशाच मूर्तींनी टेबलावर खेळायचा वॉरहॅमर हा युद्धखेळ १९८३ मध्ये आला. खेळणाऱ्याला टेबलापलीकडून आपला सैनिक चटकन ओळखू यावा, म्हणून लाल तो लालभडक आणि पायाखालच्या चकतीची कडाही हिरवीगार. क्रम साधा आहे. अस्तर, म्हणजे रंग धरावा म्हणून दिलेला पहिला हात, वाळले की प्रत्येक भागाला सपाट रंगाचे दोन पातळ हात द्यायचे. त्यावर गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडायचा, तो आपोआप खोबणीत उतरतो. वॉश पूर्ण वाळल्यावर उंचवट्यांवर मूळ रंग पुन्हा लावायचा आणि कडांवर त्याचीच फिकट छटा ओढायची. लाल फिका करायला पांढरा घातला तर तो गुलाबी होतो. तिथे नारिंगी घालावा. पिवळा काळ्या अस्तरावर झाकत नाही, त्याच्याखाली गेरूसारखा तपकिरी हात हवा. शेवटी दोन रंगांच्या सांध्यात गडद तपकिरी रेघ. ही रेघच मूर्तीला दुरून उठाव देते. सावंतवाडीच्या गंजिफाची पाने पाहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

जवळून पाहायच्या आधुनिक शैलीत मूर्तीवर उजेड कुठून पडतो ते आधी ठरते. काळ्या अस्तरावर तिरका करडा फवारा, मग थेट डोक्यावरून थोडा पांढरा, आणि त्यावर पारदर्शक रंग. सिटाडेलचे २०१९ चे कॉन्ट्रास्ट रंग याच कामाचे. केस, चामडे, चुण्या यांवर ते एका हातात सुरेख बसतात. ढाल किंवा सपाट झगा आला की मात्र रंग साचून डाग पडतो. ओला असतानाच स्वच्छ, दमट ब्रशने तो टिपून घ्यावा. अर्धवट वाळल्यावर ब्रश फिरवला तर रंग सोलून निघतो. शिवाय चूक झाकायला वर जाड रंग दिला की खालचा सगळा छायाप्रकाश पुसला जातो. जुन्या शैलीत चुकलेली जागा पुन्हा रंगवता येते, म्हणून नवशिक्याने सुरुवात तिथूनच करावी असे आमचे ठाम मत आहे. धातूचा रंग न वापरता तपकिरी, पिवळा आणि पांढरा यांतून सोन्याची चकाकी भासवणे हे तर फार पुढचे काम. ते एका कोनातून अप्रतिम दिसते. मूर्ती फिरवली की चमक खोटी वाटते. काचेच्या कपाटात ते शोभते.

आपल्या हवेबद्दलही सांगायला हवे. जून ते सप्टेंबर खानापूर पट्ट्यात स्प्रेचे अस्तर मारूच नये. दमट हवेत ते पांढुरके, खरखरीत उमटते आणि शेवटी द्यायचे बिनचमकीचे (मॅट) वॉर्निश दुधासारखे धुरकटते. त्या दिवसांत ब्रशने लावायचे ॲक्रिलिक अस्तर बरे. उघडीप मिळाली तर डबा दोन मिनिटे हलवून, २० ते ३० सेंटिमीटरवरून, थांबून थांबून फवारावे. वॉशही पावसाळ्यात उशिरा वाळतो आणि कडेला वर्तुळ सोडतो. साचलेला थेंब आधीच टिपावा. मूर्ती प्लास्टिकची असेल तर आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी. थ्रीडी प्रिंटरवर रेझिनची (द्रवातून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची) बनवलेली मूर्ती मात्र नीट धुऊन अतिनील प्रकाशात पक्की केलेली हवी, नाहीतर तिच्यावर रंग चिकटच राहतो. कच्च्या रेझिनला हातमोज्यांशिवाय हात लावू नये, हे पालकांनी पाहावे.

गल्लोगल्लीच्या किल्ला स्पर्धांत किंवा शाळांच्या कला प्रदर्शनांत अशा मूर्ती ठेवल्या जाणार असतील, तर आयोजकांना विनंती आहे की दोन गट वेगळे ठेवावेत. एका गटाच्या मूर्ती टेबलावर मांडून परीक्षकांनी तीन फुटांवरून पाहाव्यात. दुसऱ्या गटाच्या मूर्ती एकाच दिव्याखाली, रंगवणाऱ्याने ठरवलेल्या बाजूने, जवळून पाहाव्यात. गुण प्रत्यक्ष मूर्ती पाहूनच द्यावेत, फोटोवरून नकोत.

आपले,
लघुमूर्ती रंगवणारे काही वाचक, शहापूर, बेळगाव