आठची गोळी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी पहिल्या मिनिटातच काहीतरी विनोद करतो, तू हसतोस आणि मूळ गोष्ट राहून जाते. म्हणून लिहायला बसलोय. सवडीने वाच.

शॉर्टफिल्म झाली. तीन दिवस, एक खोली, पडद्यावर तीन माणसं आणि पडद्यामागे अडीच. (अर्धा म्हणजे शेजारचा पोरगा. क्लॅप द्यायचा आणि मधेच खेळायला पळायचा.) पैसे मुळात नव्हतेच, त्यामुळे संपायची भीतीही नव्हती. खिडकीला पांढरी चादर लावून ऊन मऊ केलं, समोर थर्माकोलची शीट धरून उजेड चेहऱ्यावर परतवला. ऊन उतरलं की त्या दिवसाचं काम बंद. कॅमेरा म्हणजे माझाच फोन, सेकंदाला २४ फ्रेम्सवर लावलेला, आणि ट्यूबलाइट पडद्यावर थरथरू नये म्हणून शटर १/५० सेकंदावर. एवढंच आमचं तंत्रज्ञान.

बाकी सगळं तुझ्या चिठ्ठीवर चाललं. तू पाठवलेल्या आवाजाच्या रेकॉर्डरच्या पाकिटात घडी करून ठेवलेली ती चिठ्ठी मी भिंतीलाच चिकटवली होती. पंखा बंद कर, लोक घामेजले तर घामेजू देत. फ्रिज बंद कर आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेव, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाहीस. फोनचा फ्रेमरेट थोडा मागेपुढे होतो, लांब टेकच्या शेवटी वेगळा घेतलेला आवाज ओठांना सोडून जातो, तेव्हा टेक छोटे ठेव आणि आवाज चित्राशी जुळवता यावा म्हणून प्रत्येकाला क्लॅप घे. सीन संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घे. आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढ.

सेल काढल्याने टिकटिक थांबते हे मला माहीत होतं. दुसरा फायदा तिसऱ्या दिवशी कळला. काटे आठला पाच कमी असताना थांबवले होते, त्यामुळे तीन दिवस आमच्या खोलीत सतत आठला पाच कमीच वाजलेले होते. कुठलाही शॉट कुठेही जोडा, कंटिन्युइटीची कटकट नाही. फक्त एका शॉटमध्ये सव्वातीन दिसतात, त्या पोराने काटे फिरवून बघितले असणार. तो शॉट ठेवलाय. शोधून दाखव.

आता गोष्टीबद्दल. तू वाचलेली संहिता आठवते ना? ताई आईचं सगळं करते, तिला बढतीवर दुसरीकडे जायची संधी येते, भाऊ लांबून फोनवर सल्ले देतो. शेवटी दारात उभं राहून ताईचं ते दीड पानी भाषण. भाऊ वाईट वाटावा म्हणून मी त्याच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं, 'अगं, घरोघरी कुणीतरी आजारी असतंच.' लिहिताना मला फार आवडलं होतं. एका वाक्यात माणूस उघडा पडतो, असं मी तुला ऐकवलंही होतं.

एडिटला बसलो तेव्हा ते वाक्य मी तीसचाळीस वेळा ऐकलं असेल. कापण्यासाठी श्वास कुठे संपतो ते बघत होतो. आणि रात्री कधीतरी लक्षात आलं की हे मी कुणालातरी पाठवलेलं आहे. फोन काढून बघितला. शूटच्या आदल्या रात्री तू कळवलंस की बाबांचं पुन्हा बिघडलंय, येता येणार नाही. त्यावर माझं उत्तर होतं, 'घरोघरी कुणीतरी आजारी असतंच रे, तीन दिवस कुणी बघणारं नाही का?' गं चा रे केला होता, बाकी तेच. खाली तुझं उत्तर, 'रेकॉर्डर पाठवतोय, सोबत चिठ्ठी आहे.'

मी कुटुंबाच्या जबाबदारीवर फिल्म करत होतो, बरं का.

यावर तू म्हणशील, जाऊ दे. जाऊ दे म्हणायची तुला सवयच आहे. पण त्या रात्रीनंतर ते दाराचं भाषण मला बघवेना. नटी उत्तम आहे, रडलीही खरी. पण ते सगळं मी लांबून कल्पना केलेलं होतं. मला वाटायचं की कर्तव्य की स्वतःचं आयुष्य, असा एक दिवस उगवतो, माणूस दारात उभा राहतो आणि ठरवतो. तुझ्याकडे असा दिवस कधी आला होता का रे? मला आठवतं ते एवढंच, की गेली काही वर्षं आपण कुठेही बसलो की साडेसातला तू उठतोस. 'आठची गोळी असते' म्हणतोस आणि चपला घालतोस. ना चेहऱ्यावर त्याग, ना वैताग. कधीकधी वैताग असतो, पण तो चपलेच्या बक्कलवर निघतो.

मग भाषण काढून टाकलं. पहिला कच्चा कट ३१ मिनिटांचा होता. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंत लघुपटच म्हणतात, त्या हिशेबाने बसत होता. बघणाऱ्याच्या हिशेबाने शिक्षा होती. आता १४ मिनिटं आहे. शेवट म्हणजे एक फालतू म्हणून घेतलेला शॉट. ताई सात खणांच्या डब्यात आठवड्याच्या गोळ्या भरते. गुरुवारच्या खणात अर्धी गोळी टाकायची असते, ती नखाने तोडताना निम्मी भुगा होते, आणि ती ओला अंगठा टेकवून भुगा उचलून त्याच खणात झटकते. हे मी सांगितलं नव्हतं. नटीने आपणहून केलं. विचारलं तर म्हणाली, आजीचं करायचे मी.

नोकरीचं काय झालं ते फिल्ममध्ये कळत नाही. दोघांनी बघून 'मग ती गेली की नाही?' असं विचारलं. विचारू देत.

मधे ओझूबद्दल वाचत होतो, जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू. लग्न होऊन जाणाऱ्या मुली आणि मागे एकटे उरलेले बाप, हाच त्याचा आवडता विषय. स्वतः लग्न केलं नाही, आईजवळ राहिला. आई १९६२ मध्ये गेली आणि तो १२ डिसेंबर १९६३ ला, स्वतःच्या साठाव्या वाढदिवशी. कॅमेरा जमिनीलगत आणि पुढे पुढे जवळजवळ कायम एकच ५० मिमीची लेन्स. कुणी विचारलं तर मीही ओझूचं नाव पुढे करणार आहे. आमचा कॅमेरा खाली होता कारण ट्रायपॉडचा पाय मोडला होता, हे तुझ्यामाझ्यात ठेव.

लिंक उद्या पाठवतो. हेडफोन लावून बघ. अकराव्या मिनिटाला आवाज थोडा घसरतो, तो सुधारायचाय, आणि माझ्याच्याने होत नाहीये. श्रेयनामावलीत ध्वनीसमोर तुझं नाव टाकलंय. ते बघून लाजून काढ म्हणशील, मी काढणार नाही.

बाबांना आठची गोळी दिल्यावर झोप लागते म्हणालास ना? मग रविवारी साडेसातला मी तिकडे येतो. तू जरा बाहेर फिरून ये. गोळी कुठली ते डब्यावर लिहून ठेव म्हणजे झालं.

तुझाच,
फोनवर विनोद करणारा

ता. क. रेकॉर्डरही तेव्हाच आणतो. दुसऱ्या दिवशी कार्ड भरलं म्हणून जुन्या फाइल पुसायला बसलो होतो. एकीत तुझ्या बाबांचा आवाज आहे. 'एक, दोन, तीन... अरे, चालू आहे का हे?' आणि मागे तू हसतोयस. ती पुसलेली नाही.