मेलेले पिल्लू पुरण्याआधी

संपादक महोदय,

कोवळ्या कळपात रोज दोन-चार पिल्ले मरू लागली की अनेक कुक्कुटपालक घाबरून पाण्यात प्रतिजैविक मिसळतात आणि मेलेली पिल्ले पुरून मोकळे होतात. कारण सांगू शकणारा एकमेव पुरावा मग मातीत जातो. मीही हेच करत होतो. अखेर पशुवैद्यकांनी चार आठवड्यांचे ताजे मेलेले पिल्लू माझ्यासमोर उघडले, तेव्हा आतड्याच्या दोन्ही आंधळ्या पिशव्या रक्ताने टम्म फुगलेल्या दिसल्या. ती रक्ती हगवण होती, आणि तिचे जंतू पाण्याच्या भांड्यांभोवतीच्या ओल्या तुसातून पसरत होते.

पहिल्या आठवड्यातली मर मात्र बहुधा नाभीच्या संसर्गाने किंवा गारठ्याने होते. तेव्हा ब्रूडरखाली, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या साधनाखाली, 32 ते 35 अंश सेल्सिअस तापमान लागते. पिल्ले एकमेकांवर चढून गोळा होत असतील तर ऊब कमी पडते आहे.

म्हणून मृत पिल्लू न गोठवता थंड ठेवून, वय, लसीकरण, खाद्य आणि रोजच्या मरतुकीच्या नोंदींसह, शक्यतो 24 तासांच्या आत तपासणीला पाठवावे, ही कळकळीची विनंती. एकाएकी मोठी मर झाल्यास पिल्लू स्वतः उघडू नये; पशुवैद्यकांना तत्काळ कळवावे.

आपला,
एक कुक्कुटपालक