धोबीतलावला उतरलेली व्हायोलिनं

वेंगुर्ले

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात ऐकलेल्या सिंफनीबद्दल, म्हणजे मोठ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या रचनेबद्दल, तू भरभरून लिहिलंस, वाचून हेवा वाटला. पण एक वाक्य काही पचलं नाही: "मुंबईला स्वतःचा वाद्यवृंद मिळायला २००६ साल उजाडावं लागलं." अरे, २००६ साली खुशरू सन्तूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी उभा केला तो सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा १९३५चा!

तो काढला मेहली मेहतांनी. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगा झुबिन, पुढे जगभर गाजलेला कंडक्टर, जन्मला, बापाच्या तालमी ऐकत वाढला आणि अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेला; पुढचं तुला ठाऊक आहे. मेहलीही १९५५च्या सुमारास मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला निघून गेले. ज्याने वाद्यवृंद काढला, तोच दुसऱ्यांच्या वाद्यवृंदात नोकरीला. तेव्हाच्या मुंबईत या संगीतावर घर चालणं कठीणच.

मेहतांचं नाव घेऊन झालं की लोक तिथेच थांबतात. खुर्च्यांवर बसून वाजवणारे कोण होते, हे कुणी विचारत नाही. पारशी होते, युरोपियन होते आणि बरेचसे आपल्या तेरेखोलच्या पलीकडचे गोवेकर. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. चर्चमध्ये गायला-वाजवायला माणसं हवीत, एवढाच हेतू. शिकवणारा मेस्त (मास्तर) कडक, त्यामुळे पोरं कागदावरचे सूर बघताक्षणी वाजवू लागत. पण गावात फेस्त (चर्चचा सण) आणि लग्नं सोडली तर या विद्येला गिऱ्हाईक कुठलं? मग कोणी आगबोटीने, कोणी मडगावहून रेल्वेने मुंबई गाठायचा. धोबीतलावच्या आसपास गावोगावची कुडं, म्हणजे गाववाल्यांची सामायिक वसतिगृहं, होती. खाट स्वस्त, भिंतीशी ट्रंक, संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. आपले चाकरमानी गिरणगावात गाववाल्यांच्या खोलीवर राहत, तसंच.

सिंफनीवर पोट भरत नसे, म्हणून हीच मंडळी आधी मूकपटांना, मग हॉटेलांतल्या नाचाच्या बँडात आणि शेवटी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवत. संगीतकार चाल गुणगुणणार, अरेंजर प्रत्येक वाद्याचा पार्ट लिहून देणार. शंकर-जयकिशनसाठी सेबॅस्टियन डिसोझांनी हे वर्षानुवर्षं केलं. पडद्यावर मात्र संगीतकाराचं नाव ठसठशीत आणि वाजवणाऱ्यांचं बहुतेक वेळा नाहीच. मला याचा राग येतो.

त्यांतला माझा खास लाडका गोव्यातल्या माजोर्ड्याचा अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७. 'अमर अकबर अँथनी'तलं 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे गाणं आपण वरातीत नाचून घेतो, पण चाल देणाऱ्या जोडीतले प्यारेलाल त्याचे व्हायोलिनचे शिष्य, आणि नाव तिथून आलं, हे किती जणांना माहीत? या माणसाने १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे, आणि रचना रागांवरच्या. सारंगावर त्याने कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना, लिहिला. तू पेटी वाजवतोस, जरा बसून बघ. सारंगात गंधार-धैवत वर्ज्य. षड्जावर साधा मेजर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन सूर, धरायचा तरी गंधार हवा, मध्यमावर धरायचा तर धैवत. म्हणजे हार्मनीचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या मेळाचे) खांब रोवायला जावं तिथे रागाची मनाई! माझ्या मते मुंबईत त्या काळी कुणी हाती घेतलेलं हे सगळ्यांत अवघड काम. १९६५ साली तो अमेरिकेला गेला. परतल्यावर सिनेमाकडे वळला नाही, माजोर्ड्यालाच राहिला आणि २०१२ साली गेला.

तू ऐकलास तो वाद्यवृंद चांगला असणारच. पण तिथे हंगामाला बाहेरदेशचे वादक बोलवावे लागतात, कारण वाजवणारी पोरं घडवणाऱ्या त्या शाळा आटल्या. एनसीपीएत आता मुलांना शिकवतात, ते मला मैफलीपेक्षा मोलाचं वाटतं. तुझ्या नातीला व्हायोलिन धरायचंय म्हणालास ना? मग वाट कसली बघतोस, चौकशी कर.

पुढच्या हंगामाची दोन तिकिटं काढून ठेव, मी येतो. बाल्कनीतली काढ, स्वस्त पडतील आणि मागच्या रांगेतली सेकंड व्हायोलिनंही दिसतील. येताना वहिनींसाठी आमसुलं आणतो. त्यांना नमस्कार सांग.

तुझा,
बाळा