सा कुठे धरायचा?

वेंगुर्ले,
आगमनकाळाचा दुसरा रविवार

प्रिय बस्त्यांव,

पावसाळ्यापासून पत्र नाही, शिव्या घालून मोकळा हो. आईचे गुडघे तसेच, मी बरा.

आपल्या चर्चच्या क्वायरात तुझ्या कानाचा, म्हणजे ऐकताच नेमका स्वर ओळखणारा, प्राणी आलाय रे. फिलूची धाकटी. मिक्सर कुठल्या सुरात घरघरतो तेही सांगते. तिची पंचाईत तुलाच कळेल.

'सायलेंट नाइट' हे नाताळगीत आपल्या प्रतीत सी मध्ये, म्हणजे सा सीवर. चाल वरच्या मध्यमाला, म्हणजे एफला जाते आणि तिथे मावश्या किंचाळतात. म्हणून काळी पाचात, बी फ्लॅटमध्ये उतरवलं. कीबोर्डवर ट्रान्सपोज वजा दोन, म्हणजे बोटं तीच, सूर दोन पट्ट्या खाली. इतरांना फरक कळलाही नाही. सा मिळाला की त्यांची गाडी चालते. ही मात्र कागदावरचा सी बघून खरा सी लावते, बाकीचे एक पूर्ण स्वर खाली! तू याच मुद्द्यावर पेटीचं झाकण आपटलं होतंस. आपट पुन्हा, सा कुठेही धरता येतो, हे मी सोडणार नाही. तिचा कागद तेवढा दोन फ्लॅट घालून नवा लिहिलाय.

अल्टो, म्हणजे चालीखालचा जोडसूर, तिलाच दिलाय. वर 'प ध प ग', खाली 'ग म ग सा'. पुढे वर 'रें रें नी' असताना तिने मध्यमावरच थांबायचं. नी आणि म एकमेकांना टोचतात, पण नी सांवर चढला आणि म गवर उतरला की गाठ सुटते. मावश्या घाईने आधीच गवर येतात, मग मजाच जाते. गिटार बघून नाक मुरडू नकोस. ग्रूबरने १८१८ साली ओबर्नडॉर्फला हे गिटारच्या साथीवरच बांधलं. कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, पहिल्या पट्टीत, मग ए, डी, ई सेव्हन या कॉर्डमध्ये काम भागतं.

खरी काळजी बिनसाथीच्या कडव्याची. लय संथ, श्वास अपुरा, उतरताना गंधार ढिला. शेवटाला सगळे जवळजवळ अर्धा स्वर खाली. पोरगी जागची हलत नाही, म्हणजे बरोबर असून तीच बेसूर वाटते! तिला खाली ओढलं तर कागद वाचता येत नाही. तालमीत सा-प धरून ठेवतो, तंबोऱ्यासारखा. पण ई फ्लॅटच्या कॉर्डवर पंचम खुपतो आणि एफ सेव्हनवर षड्ज, म्हणून मिस्साच्या प्रार्थनेला ते चालणार नाही. साथ परत येते तेव्हा उतरलेला सूर उघडा पडतो, म्हणून ते कडवं शेवटी टाकायचं म्हणतोय. 'जॉय टू द वर्ल्ड'चा प्रश्न नाही, सगळं एका सप्तकात. डी मध्येच ठेवलंय.

तुझी मुलगी दहावीला ना? वहिनींना सांग, कोकमं पाठवलीत. पन्नाशीकडे तुमच्यासारख्या कानांना सगळं चढं ऐकू येऊ लागतं म्हणतात. तुला येतं का, मेल्या?

आणि लहानपणी असं खाली घसरणाऱ्यांत उभं राहून तू काय करायचास, ते तेवढं नाताळाआधी कळव. तिला सांगायचंय.

तुझा,
पेद्रू