रमाबाईंचा येशू कुठे गेला?

महोदय,

पंडिता रमाबाईंच्या स्मृतिदिनाचे (5 एप्रिल) लेख दरवर्षी आवडीने वाचते. विधवांसाठी काढलेले शारदा सदन, निराधार बायका-मुलींना आसरा देणारे केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली, सगळे येते. धर्मांतर मात्र एका ओळीत उरकतात, जणू ते त्यांचे खासगी प्रकरण!

रमाबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो काही वर्षांनी भेटला. त्याआधीही त्या काम करत होत्याच, हे मान्य. पण 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणण्याची हिंमत कुठून आली, हे त्यांच्याच शब्दांत समजून घ्यायला काय हरकत आहे?

माझी आजी 1900च्या दुष्काळात गुजरातेतून मुक्तीत आलेली पोर. तोंडाची फटकळ! रात्री कंदील बारीक करून ती येशूला दिवसाचा हिशेब द्यायची, तोही मोठ्याने: "बापा, आज शेजारणीला टाकून बोलले. चूक तिचीच होती, पण मी बोलले." मग थोडा वेळ गप्प. सकाळी ताकाचा तांब्या घेऊन त्याच शेजारणीच्या दारात. उपदेशाने आजी बदलली नसती, तो ती इतरांना करायची. रोज ज्याला तोंड दाखवायचे, त्याची तिला भीड होती.

पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईंच्या श्रद्धेवरही एखादा लेख छापावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, दौंड